पहिलं प्रदर्शन मांडताय? या चुका टाळा

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री जे जे अडतं, त्यातलं बहुतेक कित्येक आठवडे आधी कागदावरच चुकलेलं असतं. नाशिकच्या महाविद्यालयांतली मुलं हौसेने संग्रहालयशास्त्राकडे वळत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मजकूर आधी, वस्तू नंतर

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सातवाहनांवर चार मोठी पॅनेलं लिहून होतात आणि मग त्यांना शोभतील अशी नाणी शोधायला पळापळ सुरू होते. सुरुवात वस्तूंच्या यादीने करा: मापं, वजन, अवस्था, मालक कोण. त्यानंतर दालनाच्या जमिनीवर मास्किंग टेपने प्रत्येक शोकेसची जागा आखा आणि त्यातून चालून बघा. व्हीलचेअर वळायला साधारण 150 सेंटीमीटर मोकळी जागा लागते. ती मिळत नसेल तर एक शोकेस कमी करा.

नाण्यावर समोरून प्रकाश

जोगलटेंभीचा नाण्यांचा साठा आपल्या जिल्ह्यातला. 1906 मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपान याची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, जिंकलेल्याचा ठसा वर. पांडवलेणीतल्या तिसऱ्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आपल्या मुलाला खखरात वंशाचा उच्छेद करणारा म्हणतो. नहपान त्याच वंशाचा. म्हणजे दगडावरचं वाक्य नाण्यावर डोळ्यांनी बघता येतं, आणि नाशिककर प्रेक्षकाला याहून मोठी भेट कोणती देणार?

पण स्पॉटलाइट समोरून टाकला की हे सगळं सपाट होतं, वर काचेची चमक डोळ्यांत जाते. दिवा बाजूने, खालच्या कोनातून द्या. दोन्ही ठशांचे उंचवटे उठून दिसतील. शेजारी नाण्याचा मोठा फोटो ठेवा. ओळखपट्टीवर राजाची वंशावळ नको. “खाली नहपानाचा चेहरा, वर सातकर्णीचा ठसा. नाकाची रेघ शोधा” एवढं पुरे. अक्षर किमान 24 पॉइंटचं, गडद, फिक्या पार्श्वभूमीवर. नाणी कशी मांडतात ते बघायला अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात एकदा जाऊन याच.

लख्ख करण्याचा मोह

जुनी तांब्याची घागर कुणी दिली की कुणीतरी हमखास चिंच-मीठ घेऊन बसतं. थांबवा त्याला. तो काळपट थर वस्तूचं वय आणि वापर सांगतो, आणि एकदा घासून गेला की परत येत नाही. मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स. धातू हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण घामाने बोटांचे डाग पडतात.

येवल्याची पैठणी टाचण्यांवर

साडीचं सगळं वजन मग चार भोकांवर येतं. धुतलेल्या मांजरपाटाने मढवलेल्या उताराच्या फळीवर ती अलगद पसरा आणि घडीच्या जागी आम्लरहित कागदाची गुंडाळी द्या. प्रकाश 50 लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे प्रकाश मोजण्याचं एकक). रेशमाचा उडालेला रंग परत येत नाही, म्हणून पेटीजवळची खिडकी झाकून घ्या.

ताज्या रंगाची शोकेस

सुताराने कालच रंगवलेली, वास मारणारी पेटी म्हणजे धातूला धोका. ताजा रंग, प्लायवूड आणि पांढरा गोंद यांतून आम्लयुक्त वाफा निघतात. लोकरी कापडातल्या गंधकाने चांदी काळवंडते. पेटी आधीच बनवून हवेशीर जागी उघडी ठेवा. मोठ्या संग्रहालयांत साहित्याचा नमुना चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांसोबत 60 अंशांवर 28 दिवस बंद ठेवून तपासतात. तेवढी सोय नसेल तर निदान नाकावर विश्वास ठेवा.

पावसाळ्यात डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीने लावलेली पॅनेलं पडतात. ती रेलवर तारेने टांगा. सगळ्या चौकटींचा मध्य जमिनीपासून 150 सेंटीमीटरच्या आसपास एका रेषेत आणा.

कुणाकडून वस्तू घेताना

आजीची पैठणी विश्वासाने मिळते, म्हणून कागद नको असं अजिबात नाही. दोन प्रतींत पावती करा, आधीचे डाग-चिरा मालकासमोर लिहून त्यांची सही घ्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वस्तू ज्या खोक्यातून आली ते फेकू नका. त्यावर वस्तूचा क्रमांक टाकून ठेवा आणि परतीच्या दिवशी तीच यादी, तेच फोटो समोर धरून वस्तू मालकाच्या हाती द्या.