पाटीवरचा नंबर फोन उघडेपर्यंत लक्षात राहावा म्हणून

दुकानाच्या पाटीवरचा मोबाइल नंबर फोन उघडेपर्यंत निम्मा विसरायला होतो. सुटे १० आकडे एका वेळी डोक्यात मावत नाहीत, बहुतेकांची मजल ४-५ गोष्टींपर्यंतच.

१. नंबर जोड्यांत वाचा. ९८ २२ ४७... म्हणजे अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्तेचाळीस. दहाचे पाचच शब्द उरतात. एकोणसाठ-एकोणसत्तरात गडबड होत असेल (बऱ्याच जणांची होते), तर तेवढी जोडी 'पाच-नऊ' अशी फोडा.

२. ओठ हलवत, एका चालीत पुटपुटत राहा.

३. टाइप होईपर्यंत कुणाला उत्तर देऊ नका. 'किती वाजले?' एवढ्यानेही नंबर उडतो.

बँक खात्याचा नंबर मात्र असा डोक्यात धरू नका, तो लिहूनच घ्या.