व्हीईपी करताना: पी१००चा उशीर खरा आहे की आपणच निर्माण केलेला?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण खराब होतं आणि त्यातून जाणारा संदेश रेंगाळतो. डोळ्याच्या नसेला सूज येऊन नजर अंधुक झालेला रुग्ण काही आठवड्यांत पुन्हा ६/६ वाचू लागतो, पण त्या नसेतून मेंदूच्या मागच्या भागात पोचणारा संदेश बहुतेकदा पुढेही उशिराच येत राहतो. हॅलिडे, मॅकडोनल्ड आणि मुशिन या संशोधकांनी १९७२ साली लंडनमध्ये हे दाखवून दिलं. व्हीईपी म्हणजे डोळ्यांना चित्र दाखवून मेंदूच्या मागच्या भागात उमटणारी विजेची लाट मोजण्याची चाचणी, आणि त्या लाटेतला साधारण १०० मिलिसेकंदांवरचा शेंडा म्हणजे पी१००. या चाचणीची सगळी किंमत या उशिरात आहे, कारण रुग्णाला आठवतही नसलेला जुना घाव त्यातून कळतो. मात्र चष्मा घरी राहिला, डुलकी लागली किंवा स्क्रीन बदलली तरीही असाच उशीर कागदावर उमटतो. म्हणून चाचणीची प्रत्येक पायरी मिलिसेकंद जपण्यासाठी आहे असं समजूनच काम करावं.

एक गोंधळ आधीच दूर करू. ‘नसांची तपासणी झाली, नॉर्मल आली’ असं सांगत अनेक रुग्ण एनसीव्हीचा रिपोर्ट घेऊन येतात. एनसीव्ही हातापायांच्या नसांतून संदेश किती वेगाने जातो ते तपासते, तर एमएसचे घाव मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेत असतात. त्यामुळे एमएसमध्ये एनसीव्ही सहसा नॉर्मलच येते. गिआँ-बारे (हातापायांच्या नसांवर अचानक हल्ला करणारा आजार) किंवा मधुमेहामुळे झालेली नसांची इजा वेगळी काढायला तिचा उपयोग आहे, एमएस नाही असं ठरवायला नाही.

आधीची तयारी

अपॉइंटमेंट देतानाच सांगा: आदल्या रात्री शाम्पूने केस धुवायचे आणि सकाळी तेल लावायचं नाही. खोबरेलाचा पातळ थर राहिला तरी पेस्ट घसरते. चष्मा हवाच. बाहुली मोठी करणारे थेंब त्या दिवशी नकोत, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडची तपासणी वेगळ्या दिवशी ठेवायला सांगा. टीबीची औषधं चालू आहेत का, हे जरूर विचारा. त्यातल्या एथॅम्ब्युटॉलमुळेही डोळ्याच्या नसेला इजा होऊ शकते. काचबिंदू आणि बी१२ची कमतरता यांचीही नोंद घ्या. चष्मा लावून प्रत्येक डोळ्याची नजर मोजा आणि ती रिपोर्टवर लिहा. ही एक ओळ नसेल तर वाचणाऱ्या डॉक्टरला उशिराचा अर्थ लावताच येत नाही.

इलेक्ट्रोड

नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. समजा अंतर ३६ सेंमी भरलं. मुख्य इलेक्ट्रोड ‘ओझेड’ त्या उंचवट्यापासून १० टक्के, म्हणजे ३.६ सेंमी वर बसेल. रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून लाट मोजतात तो इलेक्ट्रोड) ‘एफझेड’ नाकाच्या खळग्यापासून ३० टक्के, म्हणजे १०.८ सेंमीवर. ग्राउंड कानामागे चालतो. अंदाजाने बोटं ठेवून जागा ठरवू नका, कारण ओझेड सरकला की लाटेची उंची आणि आकार दोन्ही बदलतात. केस बाजूला करून टाळू दिसली पाहिजे, ती प्रेप जेलने हलकेच घासा, मग पेस्ट लावा. इंपीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विजेचा अडथळा) ५ किलोओमच्या खाली आणि सगळ्या इलेक्ट्रोडचा साधारण सारखा हवा.

स्क्रीन

काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पट १ मीटरवर ठेवला तर १ अंशाचा चौकोन (डोळ्याशी १ अंशाचा कोन करणारा) १.७५ सेंमीचा आणि पाव अंशाचा सुमारे ४.४ मिमीचा येतो. दोन्ही आकारांनी नोंद घ्या. लहान चौकोन बारीक बिघाड दाखवतात, पण चष्म्याचा नंबर चुकलेला असेल तर सर्वात आधी फसवतात तेच. पट निदान १५ अंशांचा, म्हणजे १ मीटरवर २६ सेंमीहून थोडा मोठा असावा. सरासरी प्रकाश ५० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणि कॉन्ट्रास्ट ८० टक्क्यांहून जास्त ठेवा.

चौकोन सेकंदाला २ वेळा उलटतात. इथे एक खाच आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि २ने ५०ला पूर्ण भाग जातो, त्यामुळे विजेची गुणगुण दर वेळी त्याच ठिकाणी येते आणि सरासरी काढूनही जात नाही. वेग १.९ किंवा २.१ ठेवा, ती विरून जाते.

जुना सीआरटी मॉनिटर काढून एलसीडी बसवला असेल तर जुन्या नॉर्मल मर्यादा बाद समजा. चित्र उमटायलाच नव्या स्क्रीनला काही मिलिसेकंद जास्त लागू शकतात आणि ते रुग्णाच्या नावावर जमा होतात.

नोंद घेताना

एका वेळी एकच डोळा. दुसऱ्यावर काळी पट्टी हवी. तळहाताच्या फटीतून उजेड शिरतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली चाचणी इथे निरुपयोगी आहे, कारण चांगला डोळा खराब डोळ्याला झाकून घेतो. फिल्टर १ ते १०० हर्ट्झ ठेवा आणि मध्येच बदलू नका, फिल्टर हलला की लाटही सरकते. १०० प्रतिसादांची सरासरी काढा, मग तेच पुन्हा करा. दोन्ही आलेख एकावर एक ठेवल्यावर जुळत नसतील तर तिसऱ्यांदा घ्या. त्यातला सोयीचा निवडू नका.

चाचणी चालू असताना रुग्णाच्या डोळ्यांवर आणि कच्च्या ईईजीवर लक्ष हवं. ८ ते १३ हर्ट्झच्या गोलसर, एकसारख्या अल्फा लाटा भरू लागल्या की समजा, नजर मधल्या लाल ठिपक्यावरून सुटली आहे किंवा झोप येते आहे. थांबा, दोन शब्द बोला, पाणी द्या, मग पुढे जा.

आकडा वाचताना

आधी ७५ मिलिसेकंदांच्या आसपास खाली जाणारी, मग १००च्या आसपास वर येणारी आणि पुढे १३५जवळ पुन्हा खाली जाणारी लाट शोधा. मधली ती पी१००. मर्यादा स्वतःच्या लॅबच्या निरोगी लोकांवरून काढलेली असावी: सरासरी १०१ आणि प्रमाण विचलन ५ असेल, तर अडीचपटीने मर्यादा ११३.५ येते. दोन डोळ्यांतला फरक मला त्याहून भरवशाचा वाटतो, कारण वय, स्क्रीन, खोली सगळं दोन्हींना सारखंच असतं. ८ ते १० मिलिसेकंदांहून जास्त फरक सहसा असाधारण धरतात. उजवा १०४, डावा १३१, दोन्ही नजरा ६/६ आणि लाटेचा आकार शाबूत, हे डाव्या नसेतल्या मायलिनच्या इजेचं ठळक चित्र आहे.

कधी पी१००ला दोन शेंडे फुटतात. तेव्हा कुठलाही एक पकडून आकडा लिहू नका. मोठे चौकोन वापरून किंवा पटाचा फक्त खालचा अर्धा भाग दाखवून पुन्हा नोंद घ्या.

उशीर म्हणजे एमएस नव्हे. बी१२च्या कमतरतेतही पी१०० लांबते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या डोळ्याची नस आणि मज्जारज्जूला सूज आणणाऱ्या, एमएससारख्या दिसणाऱ्या आजारात लाट लांबण्यापेक्षा बसकी होण्याकडे किंवा नाहीशी होण्याकडे कल जास्त दिसतो, आणि तिथे अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीची रक्ततपासणी महत्त्वाची ठरते. म्हणून रिपोर्टवर ‘एमएस’ लिहू नका. ‘डाव्या बाजूला, दोन्ही नसा एकत्र येतात त्याआधी, संदेशवहनात विलंब’ एवढंच लिहा. एमएसच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅकडोनल्ड निकषांच्या २०१७च्या आवृत्तीत डोळ्याची नस घावाची जागा म्हणून मोजली जात नव्हती. २०२४च्या सुधारणेत ती पाचवी जागा झाली आणि तिथला घाव दाखवायला व्हीईपीही ग्राह्य आहे. आपल्या आकड्याचं वजन त्यामुळे वाढलं आहे.

मज्जारज्जूत घाव असल्याची शंका असेल तर एसएसईपी (हातापायांच्या नसेपासून मेंदूपर्यंत संदेश पोचायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) जोडा. घोट्याजवळची नस उत्तेजित करून साधारण ३७ मिलिसेकंदांची लाट पाहतात. रुग्णाची उंची आधी मोजून घ्या. उंच माणसात ही लाट उशिराच येते आणि तो आजार नसतो.