व्हिडिओ भलत्याच प्लेअरमध्ये उघडतोय? आधी फाईलचं शेपूट बघा

गणपतीत घर भरलं की माडीवरच्या कॉम्प्युटरवरची धूळही झटकली जाते. मुंबईहून आलेला पुतण्या मोबाईलमधले व्हिडिओ त्यात टाकतो, कपाटातून कुणाच्या तरी लग्नाची डीव्हीडी निघते, तिच्या मागून दशावताराच्या दोन-तीन व्हीसीडी. मग एका फाईलवर डबल क्लिक केलं की ती फोटोच्या अ‍ॅपमध्ये उघडते, दुसरीचा नुसता आवाज येतो, तिसरी ढिम्म हलत नाही. 'कॉम्प्युटर बिघडलो' असा निकाल लागतो आणि दुकानात नेला तर बऱ्याचदा फॉरमॅट मारून परत येतो. या तक्रारींना फॉरमॅट लागतच नाही. घरबसल्या, चहा निवायच्या आत बऱ्याचशा सुटतात. फक्त दुखणं कुठलं ते आधी ओळखायला हवं.

दुखणं ओळखा

अडलेल्या फाईलवर राईट क्लिक करा, 'ओपन विथ' वर जा आणि यादीतला दुसरा एखादा प्लेअर निवडा. तिथे व्हिडिओ नीट चालला तर फाईलही बरी आणि कॉम्प्युटरही बरा. फक्त डिफॉल्ट, म्हणजे डबल क्लिकवर आपोआप उघडणारा प्लेअर, चुकलाय. चित्र किंवा आवाज यातलं एकच येत असेल तर बहुधा त्या प्लेअरला फाईलचा कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायची रीत, कळत नाही. आणि कुठल्याच प्लेअरमध्ये चालली नाही तर फाईल नाहीतर डिस्कच खराब आहे, सेटिंग्ज उलटीपालटी करून काही होणार नाही. एवढं न बघता लोक एकामागून एक चार प्लेअर टाकतात, आणि प्रत्येक जण डिफॉल्ट व्हायला बघतो.

शेपूट दिसू द्या

विंडोज मुळात फाईलच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये कुठलाही फोल्डर उघडून वर 'व्ह्यू', त्यात 'शो' आणि मग 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. विंडोज १० मध्ये ही टिक 'व्ह्यू' टॅबमध्ये समोरच असते. आता नावापुढे .एमपी४, .एमकेव्ही, .एव्हीआय, .व्हीओबी असं काहीतरी दिसेल.

सगळी गोम इथे आहे. विंडोज डिफॉल्ट ठरवतं ते या शेपटावरून, 'व्हिडिओ' म्हणून सरसकट नव्हे. 'मी मागेच व्हीएलसी प्लेअर लावला होता, तरी दुसरंच उघडतं' असं म्हणणाऱ्याने तो .एमपी४ साठी लावलेला असतो आणि समोरची फाईल असते .एमकेव्ही. आणि हो, नाव बदलून .एमकेव्हीचं .एमपी४ केलं म्हणून आतला माल बदलत नाही. तो उद्योग नको.

प्लेअर कुठला ठेवावा

मोबाईलचे रोजचे व्हिडिओ आणि गाणी एवढंच असेल तर विंडोज ११ चा स्वतःचा 'मीडिया प्लेअर' पुरे. जुन्या डिस्क, कॅमेऱ्याच्या फाईली, कुणीकुणी दिलेले पेन ड्राईव्ह असा संसार असेल तर व्हीएलसी घ्या. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात १९९६ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आला आणि २००१ पासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, बहुतेक कोडेक आतच. 'त्याच्यावर भारतात बंदी आहे ना?' असं अजून विचारतात. २०२२ मध्ये काही महिने त्याची वेबसाईट इथे उघडत नव्हती हे खरं, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ती पुन्हा सुरू झाली. घ्यायचा तो व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या मूळ साईटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. शोधताना मध्येच 'तुमचा कोडेक जुना झाला, इथे दाबा' असं सांगणारं पान आलं तर ते सरळ बंद करा.

डिफॉल्ट बदला

एकाच प्रकारच्या फाईलची तक्रार असेल तर हा सोपा रस्ता:

१. फाईलवर राईट क्लिक, 'ओपन विथ', मग 'चूज अनदर अ‍ॅप'.
२. यादीतून हवा तो प्लेअर निवडा. दिसत नसेल तर यादी खालपर्यंत सरकवा.
३. विंडोज ११ मध्ये 'ऑलवेज' दाबा. शेजारचं 'जस्ट वन्स' त्या वेळेपुरतंच असतं. विंडोज १० मध्ये आधी 'ऑलवेज यूज धिस अ‍ॅप' ची टिक करा, मग ओके. बहुतेकांची गाडी अडते ती या टिकवर.

सगळी शेपटं एकदम मार्गी लावायची तर विंडोजची खूण असलेलं बटण आणि आय एकत्र दाबून सेटिंग्ज उघडा, 'अ‍ॅप्स' मध्ये 'डिफॉल्ट अ‍ॅप्स' वर जा. विंडोज १० मध्ये इथे 'व्हिडिओ प्लेअर' आणि 'म्युझिक प्लेअर' असे दोन सरळ पर्याय आहेत. त्यावर क्लिक करा आणि निवडा. विंडोज ११ ने हे काम वाढवून ठेवलंय. खालच्या यादीतून व्हीएलसी शोधायचा, उघडायचा आणि समोर येणाऱ्या लांबलचक यादीतलं एकेक एक्स्टेन्शन बदलायचं. सगळी बदलत बसू नका. .एमपी४, .एमकेव्ही, .एव्हीआय, .एमपीजी, .व्हीओबी, आवाजासाठी .एमपी३ आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजसाठी .ओपस, एवढ्यात घरचं भागतं.

प्लेअर टाकतानाच 'डिफॉल्ट करू का?' असं विचारतो, आपण हो म्हणतो, तरी काही बदलत नाही. त्यात प्लेअरचा दोष नाही. हल्लीच्या विंडोजमध्ये अ‍ॅपला परस्पर स्वतःला डिफॉल्ट करता येत नाही, शेवटचा होकार सेटिंग्जमध्ये तुम्हीच द्यायचा असतो. एखाद्या प्रोग्रॅमने आडवाटेने बदल केला तर विंडोज तो फिरवून आपला मूळ प्लेअर परत आणतं आणि कोपऱ्यात 'अ‍ॅप डिफॉल्ट वॉज रीसेट' असा निरोप दाखवतं. तो व्हायरस नाही, घाबरू नका. वरच्या रीतीने पुन्हा एकदा निवडून टाका.

दशावताराची व्हीसीडी आणि लग्नाची डीव्हीडी

विंडोज ८ पासून पुढे कॉम्प्युटरमध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळात मिळत नाही. त्यामुळे डिस्क आत घातली, ड्राईव्ह घरघरला, फोल्डर दिसला, पण पिक्चर नाही, हे अगदी अपेक्षित आहे. हल्लीच्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पाच नसतो. यूएसबीचा बाहेरचा ड्राईव्ह जोडून काम होतं.

डीव्हीडीत 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात .व्हीओबीचे तुकडे, प्रत्येक जास्तीत जास्त एक जीबीचा. त्यातल्या एकावर डबल क्लिक केलं तर लग्न मंगलाष्टकांच्या मध्येच तुटतं आणि फाईल खराब आहे असं वाटतं. तसं न करता व्हीएलसीमध्ये 'मीडिया', 'ओपन डिस्क', मग 'डीव्हीडी' आणि 'प्ले'.

व्हीसीडी आणखी जुनी. तिच्यावर साधारण चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात, म्हणून रात्रभर चालणारं नाटक कापूनही दोन-तीन डिस्कवर पसरलेलं असतं. तिच्या 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये .डीएटी अशी फाईल असते. ती उघडायला गेलं की विंडोज विचारतं, कशात उघडू? इथे 'ऑलवेज' अजिबात दाबू नका, कारण .डीएटी हे शेपूट कितीतरी दुसरे प्रोग्रॅमही आपल्या कामाच्या फाईलींना लावतात. व्हीएलसी आधी उघडून फाईल त्याच्या खिडकीत ओढून टाका, चालू होते.

डिस्क अडखळत असेल तर उजेडात तिरकी धरून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळाभर बंद कपाटात राहिलेल्या डिस्कवर बुरशीची जाळी धरते. मऊ सुती फडका किंचित ओला करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल चरा पडला तर तो डेटाच्या ओळीबरोबर जातो आणि ड्राईव्हला सावरता येत नाही. पूर्ण वाळली की मगच घाला. आणि चालली रे चालली की सगळा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या.

आवाज येतो, चित्र नाही

आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून व्हिडिओ एचईव्हीसी या प्रकारात साठवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही तो पर्याय आहे. फाईल छोटी होते, पण विंडोजच्या प्लेअरला त्यासाठी स्टोअरमधून वेगळी जोड लागते, आणि ती सहसा विकत असते. व्हीएलसीत तीच फाईल फुकट चालते. पुतण्याला सांगता आलं तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा', 'फॉरमॅट्स', 'मोस्ट कम्पॅटिबल' करायला सांगा, पुढचे व्हिडिओ सगळीकडे चालतील.

व्हीएलसीतच चित्र हिरवं किंवा फाटकं दिसत असेल तर 'टूल्स', 'प्रेफरन्सेस', 'इनपुट / कोडेक्स' मध्ये 'हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डिकोडिंग' पुढे 'डिसेबल' निवडा, सेव्ह करा आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघडा. लहान मुलांनी काहीतरी दाबून सगळाच घोळ केला असेल तर त्याच खिडकीत खाली 'रीसेट प्रेफरन्सेस' आहे.

चित्र येतं, आवाज नाही

कॉम्प्युटर एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडलेला आहे का ते बघा. आवाज तिकडे गेलेला असतो आणि टीव्हीचा आवाज शून्यावर. घड्याळाशेजारच्या स्पीकरवर क्लिक करून आवाज कुठून हवा ते निवडता येतं.

फाईलच अर्धवट असेल तर

कॉपी चालू असताना लाईट गेली किंवा पेन ड्राईव्ह घाईत उपसला की .एमपी४ सहसा उघडतच नाही. या प्रकारात आतली अनुक्रमणिका बऱ्याचदा फाईलच्या शेवटी असते, ती आलीच नाही तर प्लेअरला काही उमगत नाही. मूळ फाईल आणि आपली फाईल, दोन्हींच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये आकार ताडून बघा. आपली लहान भरली तर पुन्हा मागवा. मोठा व्हिडिओ पेन ड्राईव्हवर जातच नसेल तर तो बहुधा 'फॅट ३२' प्रकारचा आहे, त्यावर चार जीबीहून मोठी फाईल मावत नाही. रिकामा करून 'एक्सफॅट' मध्ये फॉरमॅट करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवणार असाल तर पाठवणाऱ्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडायला सांगा. दोन जीबीपर्यंत जातो, आणि व्हिडिओ म्हणून पाठवल्यावर चित्र जसं पिचतं तसं पिचत नाही.