श्वान पथकात यायचं म्हणता, तर आधी हे ऐका

पहाटे पाचला आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर भरतीची पोरं-पोरी पळत असतात. मी सुटीवर गेलो की त्यांच्यातलं कोणी ना कोणी गाठतंच. "दादा, श्वान पथकात कसं जाता येते? मले कुत्र्याईचा लय लळा आहे." मी वनरक्षक म्हणून लागलो आणि गेली अकरा वर्षं विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात श्वान हस्तक आहे, म्हणजे कुत्र्याला शिकवणारा आणि कामावर नेणारा माणूस, हँडलर. पहिला कुत्रा निवृत्त झाला, आता दुसरी कुत्री आहे. मैदानावर उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लळा पाहिजेच. पण त्याच्याआधी हे ठरवा की कोणत्या कामाच्या कुत्र्यासोबत राहायचं आहे. कामाप्रमाणे कुत्र्याचा स्वभाव वेगळा, शिकवण वेगळी आणि हस्तकाची नोकरीही वेगळी.

आमच्या आबाजींचा मोत्या कुठं शिकायला गेला नव्हता. पऱ्हाटी-तुरीच्या वावरात रात्रीची जागल असायची तेव्हा आबाजी माळ्यावर आणि मोत्या खाली धुऱ्यावर. रानडुकरं आली की तो धावून जाऊन भुंकायचा. रोही (नीलगाय) आले तर जागेवरूनच आवाज द्यायचा. बिबट जवळ असला की भुंकणं एकदम बंद व्हायचं. माळ्याच्या खांबाला अंग घासत तो नुसता गुरगुरायचा. आबाजी अंधारातच म्हणायचे, "खाली उतरू नको बाप्पा, आज दुसराच पाहुणा आहे." कुत्र्याच्या अंगावरून समोरचं ओळखणं म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. पुढे प्रशिक्षणात तेच शिकायला मला महिने लागले.

मेंढ्यांसोबतचा कुत्रा आणखी वेगळा. खतासाठी वावरात मेंढ्या बसवायला येणाऱ्यांचा तळ तुम्ही पाहिला असेल. त्यांचे कुत्रे मेंढ्या हाकत नाहीत. पिलू असल्यापासून ते कळपातच वाढतात, कळपालाच आपलं घर मानतात आणि लांडगा आला की मध्ये उभे राहतात. हिमाचलातला गद्दी कुत्रा याच कामाचा. बिबट मान धरतो म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कॉली मात्र हाकणारा. तो मेंढ्यांकडे रोखून पाहत, दबकत चालतो आणि मालकाच्या शिट्टीवर कळप वळवतो. म्हणजे शिकारीची वृत्ती ठेवायची, फक्त शेवटचा चावा काढून टाकायचा. राखणाऱ्या कुत्र्यात तीच वृत्ती जवळजवळ नको असते. म्हणून राखणीचा उत्तम कुत्रा वास शोधायच्या कामी बहुधा चालत नाही, शोधाचं बक्षीस म्हणून मिळणाऱ्या चेंडूसाठी तो वेडा होत नाही.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गावातली काही पोरं कुत्री घेऊन ससे, डुकरं मारायला जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. हुशार, पळण्यात पुढे असलेल्या पोरांवर अशा केसेस झालेल्या मी पाहिल्या. मग चारित्र्य पडताळणीत नाव अडकतं आणि वर्दीचं स्वप्न तिथंच थांबतं.

आता वर्दीतले कुत्रे. पोलिसांत ढोबळमानानं तीन कामं आहेत: गुन्हेगाराचा माग काढणं, स्फोटकं शोधणं, अमली पदार्थ शोधणं. एका कुत्र्याला सहसा एकच काम शिकवतात. कारण साधं आहे. कुत्रा बॅगेजवळ बसला आणि त्याला गांजा आणि बॉम्ब दोन्ही शिकवलेले असले, तर हस्तकानं बॅग उघडायची की पळायचं? स्फोटकांचा कुत्रा पंजा मारत नाही, भुंकत नाही, चुपचाप बसतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर झंजीर नावाच्या लॅब्राडोरनं तीन हजार किलोंहून जास्त स्फोटकं हुडकून दिली, ती अशीच. आपल्याकडे गडचिरोलीत रस्त्याखाली पुरलेले सुरुंग शोधायला हेच कुत्रे जवानांच्या पुढे चालत आले आहेत. नागपूर स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाचे कुत्रे दिसतात, तिथं गाड्यांतून येणारा गांजा ही रोजची बाब आहे.

ढिगाऱ्याखाली माणूस शोधणारा कुत्रा याच्या उलट, तो भुंकूनच सांगतो. तो ढिगाऱ्यावर हस्तकापासून लांब, नजरेआड असतो. गप्प बसला तर कळणार कसं? त्याला कोणा एकाचा वास देत नाहीत, जिवंत माणसाचा कुठलाही वास त्याला पुरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीच्या भूकंपात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्युली आणि रोमिओ यांनी सहा वर्षांच्या मुलीचा ठाव लावला, तेव्हा आमच्या केनेलमध्ये (कुत्र्यांच्या निवाऱ्यात) सगळे मोबाईलभोवती जमलो होतो. या दलाची पुण्याजवळ सुदुंबरे इथं बटालियन आहे. सैन्याचे कुत्रे मेरठला रिमाउंट व्हेटर्नरी कोअर या सैन्याच्या प्राणी विभागाकडे तयार होतात: माग, सुरुंग, पहारा, बर्फाखालचा शोध. २०२२ मध्ये काश्मीरात गोळ्या लागूनही सैन्याचा झूम नावाचा कुत्रा मागे हटला नव्हता. आंधळ्या माणसाला वाट दाखवणारे कुत्रे आपल्या देशात फार थोडे आहेत; त्यात नोकरी शोधू नका, पण त्याबद्दल वाचा जरूर.

"आपला गावठी चालत नाही काय?" हा प्रश्न नेहमी येतो. चालतो, निवड नीट झाली तर. उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरचं पिलू घेऊन त्याला शोधाच्या कामाला तयार केलं, नाव ठेवलं ठेंगा. २०२१ मध्ये सैन्यानं कोविड ओळखायला शिकवलेल्या कुत्र्यांत जया ही तामिळनाडूच्या चिप्पीपराई जातीची कुत्री होती. तरी पथकांत लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉइज जास्त दिसतात, कारण त्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या ओढीसाठी झाली आहे.

आमचं काम वन्यजीवांचं. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणारी ट्रॅफिक ही संस्था आणि निसर्ग संवर्धनाचं काम करणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २००८ पासून वनविभागांना कातडी, हाडं असा चोरटा माल शोधणारे कुत्रे तयार करून द्यायला सुरुवात केली. पुढे ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला, सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रातही हे प्रशिक्षण चालू झालं. कुत्रा सहा-नऊ महिन्यांचा असताना हस्तक त्याच्यासोबत राहायला जातो, आणि सात-नऊ महिने दोघं एकत्र शिकतात. एका कुत्र्यामागे दोन माणसं असतात, मुख्य आणि सहायक. पहिले काही आठवडे वासाचं नावही निघत नाही. पहाटे केनेल धुवायचं, ब्रश करायचा, फिरवायचं, आणि 'सिट' (बस), 'स्टे' (थांब), 'हील' (पायाशी चाल) इतकंच. मग डब्यांची रांग येते. एका डब्यात वाघाचं कातडं किंवा हाड, बाकीचे रिकामे. कुत्र्याचं नाक त्या डब्याशी थांबलं की त्याच क्षणी चेंडू. दोन सेकंद उशीर झाला तर कुत्रा भलतीच गोष्ट शिकतो. रिकाम्या डब्यांतही आमच्या हातमोज्यांचा वास मुद्दाम ठेवत, नाहीतर कुत्रा वाघाच्या ऐवजी मोजेच शोधायला लागतो.

आता माझी चूक सांगतो, कारण नवीन हस्तक हीच चूक करतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावात झडती होती. एका घराबद्दल खबर आली होती आणि माझी मनातून खात्री झाली होती. कुत्रा धान्याच्या कणगीजवळून एकदा सरळ निघून गेला. मी त्याला परत आणलं. तो पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी मी कणगीपाशी थांबलो, दोरी थोडी ताणली गेली, आणि त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो बसला. आम्ही कणगी रिकामी केली. ज्वारी सगळी अंगणात. आत काहीच नव्हतं. त्या घरची म्हातारी माय गावासमोर खाली बसून ज्वारी वेचत होती, आणि माझा कुत्रा चेंडूची वाट पाहत होता. ज्वारी भरू लागायला मी थांबलो, पण त्या घरावर पडलेला संशय मला उचलून घेता आला नाही.

कुत्रा खोटं बोलला नाही, त्यानं मला जे पाहिजे होतं ते दिलं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १८ कुत्रे आणि त्यांचे हस्तक यांना अशा जागी सोडलं जिथं शोधायचा वास मुळी नव्हताच. हस्तकांना मात्र सांगितलं होतं की लाल कागद लावलाय तिथं वास आहे. कुत्र्यांनी 'सापडलं' असे इशारे ढिगानं दिले, आणि लाल कागदापाशी जास्त. तेव्हापासून मी सरावात एक नियम पाळतो: नमुना दुसऱ्यानं लपवायचा आणि कुठं ते मला सांगायचं नाही. काही फेऱ्यांत तर काहीच लपवायचं नाही. रिकाम्या खोलीतून कुत्रा 'काही नाही' म्हणून बाहेर आला की त्यालाही शाबासकी. झडतीच्या वेळी मी खबर ऐकायची टाळतो, दोरी सैल ठेवतो आणि चालत राहतो. न्यायालयंही कुत्र्यानं दाखवलेल्या मागाला तपासाचा धागा मानतात, एवढ्यावर कोणाला शिक्षा देत नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं.

आपल्याकडचं ऊन हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात चंद्रपूर पंचेचाळीसच्या वर जातं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापेनं अंग थंड करतो, आणि धापा टाकणारं तोंड उघडं असलं की नाकाचं काम मंदावतं. म्हणून उन्हाळ्यात आमची गस्त उजाडायच्या आत सुरू होते आणि आठ-साडेआठला संपते. वीस-पंचवीस मिनिटं शोध, मग सावली आणि पाणी. डांबरावर हाताची उलटी बाजू ठेवून पाहायची. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे गेलं, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लटपटली की पोटावर आणि पंजांवर साधं गार पाणी टाकत थेट डॉक्टरकडे. पावसाळ्यात गोचीड. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून पाहायचं. गोचिडापासून येणारा ताप कुत्र्याला आठवड्यात अंथरुणाला खिळवतो. आणि वावरांच्या कडेनं जाताना दोरी आखूड. डुकरांसाठी कुंपणात सोडलेली वीज वाघाला मारते, तशी कुत्र्यालाही मारते आणि मागे चालणाऱ्या माणसालाही.

वाटा कोणत्या? पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, मैदानी ५० आणि लेखी १०० गुण. थेट श्वान पथकात भरती होत नाही. शिपाई झाल्यावर पथकात जागा निघते तेव्हा इच्छा कळवायची. पोलिसांच्या कुत्र्यांचं प्रशिक्षण पुण्यात, गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात होतं. वनरक्षकालाही बारावी, आणि मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर धावणं. दहावीवर केंद्रीय दलांची शिपाई परीक्षा देता येते; केंद्रीय राखीव पोलीस दलाची बंगळुरूजवळ तरळू इथं कुत्र्यांची स्वतःची पैदास आणि शाळा आहे. ज्यांना उपचाराची ओढ आहे आणि बारावीला जीवशास्त्र आहे, त्यांनी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा विचार करावा. पदवी साडेपाच वर्षांची. 'हँडलरचा कोर्स करा, सरकारी नोकरी पक्की' म्हणून पैसे मागणारे येतात. त्यांना एक रुपया देऊ नका.

मुलींनी हे काम आपलं नाही असं समजू नये. कुत्र्याला ताकद लागत नाही, आवाजातला सारखेपणा लागतो. आज एक आणि उद्या दुसरा आवाज काढणाऱ्या धिप्पाड माणसापेक्षा रोज एकाच सुरात बोलणारी बारीक मुलगी त्याला लवकर कळते.

भरतीची तारीख लागायच्या आधीच एक सराव सुरू करता येईल. घरच्या किंवा शेजारच्या कुत्र्याजवळ रोज अर्धा तास बसा. हाक मारू नका, खायला देऊ नका. वारा कुठून आहे, तो नाक कधी वर करतो, कान कधी मागे जातात, शेपटी कोणत्या उंचीवर थांबते, हे वहीत वेळेसकट लिहा. महिनाभराची वही घेऊन मैदानावर या. मी पुढच्या सुटीत पोळ्याला गावात असेन.