पी००८७ आला की सेन्सर बदलू नका

'भिया, सेन्सर गया.' इंदूरच्या गॅरेजांत डिझेल गाडीला स्कॅनर लावून पी००८७ हा कोड दिसला की बहुतेक हेच ऐकू येतं. खरं तर कोड एवढंच सांगतो की रेलमधला, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतला, दाब इंजिनाच्या मागणीपेक्षा कमी पडतोय. दाब मोजणाऱ्या सेन्सरने हे इमानाने कळवलं, तर त्यालाच बदलतात. चोर सोडून संन्याशाला सुळी.

रामबागेतले एक काका ओंकारेश्वरहून येताना भेरूघाटात अडकले. चढावर गाडीचा दम गेला, इंजिनचा दिवा लागला. बंद करून सुरू केली की ठीक, दोन वळणांनी पुन्हा तेच. एका गॅरेजात सेन्सर बदलला. पंधरा दिवसांत तोच कोड आला, तेव्हा रेलमध्ये दाब तयार करणारा हाय-प्रेशर पंप बदलायचा सल्ला मिळाला. पंपाचा भाव ऐकून काका माझ्याकडे आले.

मी पाना उचललाच नाही. स्कॅनरवर मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी-शेजारी लावले आणि काकांना गाडी पळवायला सांगितली. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, दोन्ही ३०० बारच्या आसपास. पाय दाबला की मागणी १२००, प्रत्यक्ष ७०० वर अडकलेला. आयडलला बरोबर आणि ओझ्याखाली कमी असेल, तर पंपापर्यंत डिझेल पुरेसं पोचतंय का, हे मी आधी बघतो. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर आत बुडबुड्यांची माळ! फिल्टर बदलताना कुणीतरी जुनीच ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) बसवली होती, तिथून हवा आत येत होती. नवी ओ-रिंग टाकली, काम संपलं. काका अजून त्या सेन्सरच्या पैशांवरून कुरकुरतात.

सेन्सरवर संशय असेलच तर मीटर लावा. पाच व्होल्टचा पुरवठा येतोय का? इंजिन बंद, दाब उतरलेला, चावी चालू असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट हवा.

आता ज्यावर मी खरोखर ओरडतो ते. जुन्या डिझेल इंजिनात चालू गाडीची इंजेक्टर-नळी सैल करून कुठला सिलिंडर मेला ते बघत. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच रेलमधून डिझेल देणाऱ्या इंजिनात, हे करू नका. इथे दाब १६०० बारपर्यंत आणि पुढेही जातो. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण ते शस्त्रक्रियेचं प्रकरण असतं, तडक इस्पितळ गाठावं लागतं. 'उस्ताद असंच करायचे,' म्हणणाऱ्या पोराला मी त्या दिवशी गाडीला हात लावू देत नाही. गळती शोधायला पुठ्ठा धरा, बोट नाही.

इंजेक्टर न तपासता पंप उतरवू नका. चारही इंजेक्टरांच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, सारख्या बाटल्या लावा. जी भराभर भरते, तिथून दाब निसटतोय. पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हचं कनेक्टरही आधी हलवून बघा. जुन्या पेट्रोल गाडीत इंधनाचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल दिसलं तर त्याचा आतला पडदा फाटलाय, रेग्युलेटर बदला.

आणि कोड पुसून लगेच चावी देऊ नका. मी गाडी सिमरोलच्या पुढे नेतो, भेरूघाट उतरून पुन्हा चढवतो. डिझेल गिऱ्हाइकाचं, चहा माझा.