फिटनेसमध्ये अडलेली पिकअप : माझा अनुभव
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावातून कापूस वाहणारी माझी पिकअप आठ वर्षांपुढची असल्याने तिला दरवर्षी योग्यता (फिटनेस) प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि यंदा मागच्या दोन चाकांचे ब्रेक सारखे लागत नसल्याने ती तपासणीत नापास झाली. डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम उघडला, तेव्हा व्हील सिलिंडरच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या भागाच्या, रबरातून ब्रेक ऑइल झिरपून लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर, भिजलेले दिसले. असे लायनर घासून पुन्हा बसवणे मला मुळीच पटत नाही, कारण आत मुरलेले ऑइल तापल्यावर वर येते आणि भरल्या गाडीत तो जिवाशी खेळ ठरतो. म्हणून दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, नवा सिलिंडर बसवला, ड्रम स्वच्छ केला आणि ब्रेकमधील हवा काढली. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. ती पुरेशी होती. फेरतपासणीत गाडी पास झाली.