व्हीटीपी लावताना या चुका टाळा

सिस्कोच्या स्विचवर व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये वाटणारा प्रोटोकॉल) चालू असेल, तर व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले आभासी भाग, एका सर्व्हरवर (यादी बदलू शकणाऱ्या स्विचवर) बनवले की बाकी स्विचवर आपोआप पोचतात. सोय चांगलीच आहे. पण वापरलेला स्विच न तपासता ट्रंकला (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणाऱ्या स्विचमधल्या जोडणीला) जोडायची चूक आजही सर्रास होते आणि अख्खं ऑफिस बंद पाडते.

होतं असं. लॅबमधल्या स्विचवर सरावात व्हीलॅन बनवले, पुसले. प्रत्येक बदलाला रिव्हिजन नंबर (यादीतल्या बदलांची मोजणी) वाढत ८७ वर गेला. चालू नेटवर्कचा नंबर ४२. डोमेन (यादी वाटून घेणाऱ्या स्विचच्या गटाचं नाव) आणि पासवर्ड तेच. अपलिंक (बाकी नेटवर्ककडे जाणारी केबल) लागली की बाकीचे स्विच मोठ्या नंबराची यादी ताजी समजून उचलतात, स्वतःची टाकून देतात. व्हीलॅन १०, २०, ३० गायब! मग केबल बघा, आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी बघा, फायरवॉलवर संशय घ्या. ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ आधी मारलं असतं तर तिथेच कळलं असतं, कारण त्या व्हीलॅनचे पोर्ट यादीत कुठेच दिसत नाहीत.

‘पण तो क्लायंट मोडमध्ये (ज्यात स्विचवर हाताने व्हीलॅन बनवता येत नाहीत) होता’ हे वाक्य ऐकून कान किटलेत. व्हीटीपीच्या आवृत्ती १ आणि २ मध्ये नंबर मोठा असेल तर क्लायंटसुद्धा सर्व्हरची यादी बदलतो.

असं झालंच तर तो स्विच काढा आणि सर्व्हरवर तेच व्हीलॅन क्रमांक पुन्हा बनवा. पोर्टचं कॉन्फिग शाबूत असतं, त्यामुळे पोर्ट लगेच चालू होतात. सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅन रनिंग कॉन्फिगमध्ये नसतात, फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ फाइलमध्ये असतात. म्हणून ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ची प्रत जपून ठेवावीच.

स्विच जोडण्याआधी सगळ्या केबल काढून कन्सोलवरून ‘राइट इरेज’ करा, ती फाइल डिलीट करा, रीलोड करा. नुसतं ‘राइट इरेज’ करून उठणारे घाईवीर फसतात, कारण जुने व्हीलॅन आणि रिव्हिजन त्या फाइलमध्ये राहतात. मोड ट्रान्स्परंट (ज्यात स्विच इतरांची यादी न उचलता स्वतःचीच ठेवतो) करून परत फिरवला तरी नंबर शून्य होतो, पण जुने व्हीलॅन तसेच राहतात. फाइल पुसणंच बरं. ‘शो व्हीटीपी स्टेटस’मध्ये रिव्हिजन शून्य दिसल्याशिवाय केबलला हात लावू नका.

डोमेनच्या नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. डोमेन जुळत नसेल तर डीटीपीने (स्विचमध्ये ट्रंक ठरवणाऱ्या प्रोटोकॉलने) आपोआप ट्रंकही बनत नाही. ट्रंक हातानेच लावा.

व्हीटीपी फक्त यादी पोचवतं. कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये, हे प्रत्येक स्विचवर आपणच लिहायचं.

१००५ च्या पुढचे व्हीलॅन आवृत्ती १ आणि २ पसरवत नाहीत.

चार-पाच स्विच असतील तर सगळे ट्रान्स्परंट ठेवा. जास्त असतील तर आवृत्ती ३ घ्या: तिथे ‘व्हीटीपी प्रायमरी’ दिलेला एकच सर्व्हर यादी बदलू शकतो. तो रीलोड झाला की हा अधिकार जातो. पुढच्या बदलाआधी कमांड पुन्हा द्यावी लागते.